सांगली ते न्यूयॉर्क किती लांब आणि विमानाला किती तास? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दादा न्यूयॉर्कजवळ जर्सी सिटीला राहतो, आणि आईला घेऊन मी दोनदा तिकडे जाऊन आले. तेव्हापासून सांगलीत, विश्रामबागेत आमच्या ओळखीत कुणाचे आई-वडील निघाले की आधी आमच्याकडे चहाला येतात आणि वही काढून बसतात. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. नेटवर बघितलं की "१२,५०० किलोमीटर, १६ तास" एवढं उत्तर मिळतं, ते बरोबरच आहे पण ते मुंबईच्या माणसासाठी. सांगलीतल्या माणसाचा प्रवास घराला कुलूप लावल्यापासून सुरू होतो, आणि सत्तरीच्या आई-वडिलांना तो सगळाच्या सगळा करायचा असतो, तेव्हा तास तिथपासून मोजायचे.

सांगलीपासून न्यूयॉर्क नक्की किती किलोमीटर आहे?

पृथ्वीच्या गोलावरून सगळ्यात जवळच्या वाटेने मोजलं तर सांगली ते न्यूयॉर्क साधारण १२,८०० किलोमीटर. पण आपल्याला सांगलीतून विमान मिळत नाही, आधी मुंबई गाठावी लागते. सांगली-मुंबई सरळ रेषेत तीनशेच्या आसपास आणि रस्त्याने पुण्यावरून पावणेचारशे-चारशे किलोमीटर पडतं. पुढे मुंबई ते न्यूयॉर्क साधारण १२,५०० किलोमीटर. म्हणजे एकूण १२,९०० धरा. सांगली-मुंबई हा या सगळ्याच्या तीन टक्के भाग आहे आणि वेळ मात्र खातो आठ तास, हे आधीच डोक्यात घ्या म्हणजे पुढचा हिशोब समजतो.

नकाशावर अमेरिका सरळ डावीकडे दिसते, मग विमान वर उत्तरेला का जातं? लांबून नेतात का?

लांबून नेत नाहीत, तीच जवळची वाट आहे. हे मला पण पहिल्यांदा पटलं नव्हतं. घरी मुलीचा शाळेचा पृथ्वीगोल होता, आईच्या शिलाई मशीनचा रीळ घेतला, दोऱ्याचं एक टोक मुंबईवर बोटाने दाबलं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणला. तो अरबी समुद्रावरून आफ्रिकेकडे जाईल असं वाटत होतं, तर सरकत सरकत वर गेला आणि रशिया, नॉर्वे-स्वीडन, आइसलंड अशा अंगाने बसला. आई म्हणाली अगं हा तर बर्फातनं चाललाय. खरंच तसं आहे, ही वाट जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत वर जाते. आपला भिंतीवरचा नकाशा गोल पृथ्वी सपाट करून काढलेला असतो, त्यात उत्तरेकडचा भाग ताणला जातो, म्हणून ती वाट वाकडी दिसते. तुमच्या घरी पृथ्वीगोल असला तर जाणाऱ्या माणसाला हे एकदा करून दाखवाच, समोरच्या स्क्रीनवर विमान वर वर जाताना दिसलं की मग घाबरायला होत नाही.

प्रत्यक्षात विमान दोऱ्याच्या वाटेनेच जाईल असं नाही, वारा कुठे कसा आहे आणि कुठल्या देशाचं आकाश उघडं आहे ते बघून रोज वाट ठरवतात. बऱ्याचदा ती आणखी दक्षिणेकडून, तुर्कस्तान-युरोपवरून जाते.

मुंबईहून थेट विमानाला किती तास?

जाताना साधारण १५ ते साडेसोळा तास, येताना साडेतेरा ते साडेचौदा. १२,५०० ला विमानाच्या ताशी ९०० च्या वेगाने भागलं तर चौदाच तास येतात, मग बाकीचे कुठून आले असं सगळे विचारतात. एक तर वारा, ते खाली सांगते. दुसरं म्हणजे वाट नेहमी जवळचीच मिळत नाही. आणि तिसरं, तिकिटावरचा वेळ विमानाने गेट सोडल्यापासून पलीकडे गेटला लागेपर्यंतचा असतो, त्यात धावपट्टीकडे हळूहळू जाणं, रांगेत थांबणं, उतरायच्या आधी घिरट्या घालणं हे सगळं आलं. त्यामुळे "विमान अर्धा तास जमिनीवरच उभं होतं" असं झालं तरी कधीकधी ते वेळेत पोचतं.

जाताना जास्त आणि येताना कमी, असं का? पृथ्वी फिरते म्हणून?

नाही, पृथ्वी फिरते तशी तिच्यासोबत हवाही फिरते आणि हवेतलं विमानही. पृथ्वी फिरण्याने थेट फरक पडला असता तर उलटंच व्हायला हवं होतं, कारण न्यूयॉर्क आपल्याकडे सरकत आलं असतं. खरं कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, आणि हिवाळ्यात त्याचा वेग काही ठिकाणी ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. आपण जाताना तो समोरून येतो, येताना पाठीमागून ढकलतो. सीटसमोरच्या स्क्रीनवर ग्राउंड स्पीड म्हणून आकडा येत असतो, म्हणजे जमिनीच्या हिशोबाने विमान ताशी किती किलोमीटर चाललंय ते. जाताना अटलांटिकवर मी तो ७९० पर्यंत उतरलेला बघितला, आणि येताना त्याच समुद्रावर १,०८० होता. विमानाचं इंजिन दोन्ही वेळा तसंच चाललेलं, कृष्णेत धारेच्या उलट पोहणं आणि धारेबरोबर पोहणं यात जो फरक तोच हा.

तिकिटावर रात्री १.३० ला निघून सकाळी ८ ला पोचणार लिहिलंय. म्हणजे साडेसहाच तास ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. तिकिटावर निघायची वेळ मुंबईची असते आणि पोचायची न्यूयॉर्कची. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे आहे आणि हिवाळ्यात साडेदहा. मुंबईच्या रात्री दीडमध्ये १६ तास मिळवा, संध्याकाळचे साडेपाच होतात, त्यातून साडेनऊ काढा, सकाळचे आठ. तारीख तीच राहते.

उन्हाळा-हिवाळ्याचा फरक यासाठी की तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. आपलं घड्याळ वर्षभर एकच असतं.

येताना उलटं होतं. दुपारी १२ ला न्यूयॉर्कहून निघालात (आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ, उन्हाळ्यात) आणि साडेचौदा तास धरले तर मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला उतरता. न्यायला येणाऱ्याला तारीख नीट कळवा.

तिकीट १२ तारखेचं आहे, रात्री १.३० चं. घरातून कधी निघायचं?

११ तारखेला! हे मी ठळक करून, दोनदा सांगते. ११ तारखेला दुपारी सांगली सोडायची. रात्री बारानंतर तारीख बदलते, आणि अमेरिका-युरोपची खूपशी विमानं मुंबईतून मध्यरात्रीनंतरच सुटतात. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी १२ तारखेच्या रात्रीसाठी गाडी सांगितली होती, मी बॅगांना लेबलं लावायला मदत करायला गेले म्हणून तिकीट हातात पडलं आणि लक्षात आलं. नाहीतर विमान जाऊन वीस-बावीस तास झाल्यावर ते मुंबईत पोचले असते. गाडीवाल्याला सांगताना तारखेबरोबर वारही सांगा, "गुरुवारी दुपारी निघायचं" असं.

मग घर ते घर एकूण किती तास होतात?

आमचा पहिल्या वेळचा, उन्हाळ्यातला हिशोब असा होता. सांगलीतून दुपारी २ ला निघालो, रात्री १० ला विमानतळ, आठ तास. विमान दीडला, म्हणजे तिथे साडेतीन तास. विमानात सोळा. उतरल्यावर इमिग्रेशनची (पासपोर्ट-व्हिसा तपासणीची) रांग, बॅगा, हे दीड तास. मग दादाच्या गाडीतून त्याच्या घरी एक तास. बेरीज ३० तास. दादाच्या दारात पोचलो तेव्हा तिथे सकाळचे साडेदहा आणि सांगलीत रात्रीचे आठ वाजलेले. हे सगळं थेट विमानाचं, मध्ये कुठे उतरायचं असलं तर ३५ ते ४० तास धरून चला.

वयस्कर माणसाला सांगताना कृपा करून "१६ तासांचा प्रवास" सांगू नका, ३० तास सांगा, मग मन तेवढी तयारी करतं. माझ्या आईला मी पहिल्या वेळी १६ सांगितलेलं, आणि विमानात बसायच्या आधीच ती थकून गेली होती आणि मला विचारत होती की अजून सोळा बाकी आहेत का गं.

सांगलीतून मुंबईला कसं जावं, गाडी, रेल्वे की कोल्हापूरचं विमान?

आई-वडील असतील तर मी गाडीच म्हणेन. आष्टा, इस्लामपूर करत पेठ नाक्याला हायवेला लागायचं, मग कराड, सातारा, खंबाटकी, पुणे, एक्सप्रेस वे. रस्ता मोकळा असला तर सात तास, पण पुण्यात नवले पुलापाशी, खंबाटकीत किंवा लोणावळ्याच्या घाटात कुठेही तास-दीड तास जाऊ शकतो म्हणून आठच्या खाली धरू नका, सुट्टीच्या दिवसात नऊ धरा. दोन वेळा नीट थांबा, पाय मोकळे करा, जेवण घरच्या डब्याचं ठेवा, प्रवासाच्या दिवशी बाहेरचं तिखट-तेलकट नको.

महालक्ष्मी एक्सप्रेस मिरज-सांगलीवरून रात्री निघून सकाळी मुंबईत पोचवते, आडवं पडायला मिळतं हे चांगलं, पण तुमचं विमान पुढच्या रात्रीचं असेल तर अख्खा दिवस मुंबईत काढायला कुणाचं तरी घर हवं. आमची मावशी ठाण्याला आहे म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही हेच केलं आणि आईला ते जास्त झेपलं. ट्रॅव्हल्सची स्लीपर बसही तशीच, फक्त २३ किलोच्या चार बॅगा घेऊन पहाटे रस्त्यावर उतरायचं म्हणजे सोबत धडधाकट माणूस पाहिजे.

कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ आपल्यापासून साधारण पन्नास किलोमीटर, तिथून मुंबईला विमान असतं. पण तिकीट वेगळं काढलं आणि ते विमान रद्द झालं तर पुढच्या विमानाची जबाबदारी कुणी घेत नाही, शिवाय देशातल्या विमानात सामान कमी नेता येतं. एकाच तिकिटात जोडून मिळालं तरच घ्या. आणि आता मुंबईत दोन विमानतळ आहेत, अंधेरीकडचं जुनं आणि डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेलं नवी मुंबईचं, तर तिकिटावर कुठलं लिहिलंय ते ड्रायव्हरला आधीच दाखवा.

जुलै-ऑगस्टचं तिकीट असलं तर एक दिवस आधी मुंबई गाठा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा गावाबाहेर पडणंच मुश्कील झालेलं, आणि २०२१ ला पुन्हा पूर आला. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको, पण तिकीट दादा तिकडून काढतो आणि त्याला ऑगस्ट महिना स्वस्त दिसतो.

थेट विमान घ्यावं की मध्ये उतरून जाणारं?

अंतराने फार फरक पडत नाही हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. मुंबई-लंडन ७,२०० आणि लंडन-न्यूयॉर्क ५,५५० मिळून १२,७५० किलोमीटर, थेटपेक्षा जेमतेम अडीचशे जास्त. दुबईवरून १,९३० आणि ११,००० मिळून १२,९३० च्या आसपास. जास्तीचे तास जातात ते मधल्या थांब्यात.

गुडघे, पाठ दुखत असेल तर मध्ये दोन-तीन तास उतरून चालायला मिळतं हा फायदा आहे. पण इंग्रजी येत नसलेले आई-वडील एकटेच जाणार असतील तर मी थेटच सांगते, मोठ्या विमानतळावर एका गेटवरून दुसऱ्यावर जाणं हे त्यांना सोळा तास बसण्यापेक्षा अवघड जातं. मध्ये उतरायचंच असलं तर थांबा तीन तासांपेक्षा कमी नको, आणि त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा (नुसतं विमान बदलायलाही लागणारा व्हिसा) लागतो का ते तिकिटाआधी बघा. अबू धाबीवरून गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, न्यूयॉर्कला उतरून सरळ बाहेर. अमेरिकेतच पुढे दुसऱ्या शहरात जायचं असलं तर पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन करून, बॅगा स्वतः उचलून परत द्याव्या लागतात, हे लक्षात ठेवून वेळ ठेवा.

पाकिस्तानने आकाश बंद केल्यावर तास वाढलेत का?

२०१९ ला फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत बंद होतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना पुन्हा बंद केलं. याचा फटका दिल्लीहून निघणाऱ्यांना जास्त बसला, अमेरिकेच्या काही विमानांना व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागलं. मुंबईचं विमान अरबी समुद्रावरून पश्चिमेला जाऊ शकतं त्यामुळे आपल्याला त्रास कमी. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकन आणि युरोपच्या कंपन्यांना बंद आहे. म्हणून जुना आकडा धरू नका, जायच्या आठवड्यात तेच फ्लाइट आदल्या चार दिवसांत किती तासांनी पोचलं ते फ्लाइट ट्रॅकिंगच्या ॲपवर बघा, तो आकडा सगळ्यात खरा.

आईला बीपी-शुगर आहे, एवढा वेळ बसवेल का?

डॉक्टरांना विचारून, हो. पण गोळ्यांचं मी मनापासून सांगते ते ऐका. दुसऱ्या वेळी आमचं मध्ये उतरून जायचं तिकीट होतं. मी तास मोजले आणि एका दिवसाच्या गोळ्या पर्समध्ये ठेवल्या, बाकीच्या मोठ्या बॅगेत, हळदीच्या पुड्यांच्या पिशवीत. पहिलं विमान उशिरा पोचलं, पुढचं चुकलं, आणि आम्ही त्या मधल्या विमानतळावर वीस तास बसून होतो. बॅगा मध्ये देत नाहीत. दुसऱ्या सकाळी आईची बीपीची गोळी नव्हती आणि प्रिस्क्रिप्शनही त्याच बॅगेत. विमानतळावरच्या दवाखान्यात गेलो, त्यांनी बीपी तपासलं, औषधाचं नाव मला धड आठवेना, फोनमध्ये जुन्या पट्टीचा फोटो सापडला म्हणून गोळी मिळाली. आईचा हात धरून मी तिथे बाकावर बसले होते ते अजून आठवतं.

तर, निदान आठ दिवसांच्या गोळ्या मूळ पट्टीसकट हातातल्या पिशवीत, सोबत प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत. इन्सुलिन कधीच मोठ्या बॅगेत टाकू नका, खाली सामानाच्या जागेत गोठलं तर वाया जातं. आणि घड्याळ साडेनऊ-साडेदहा तास सरकतं तेव्हा गोळी आणि इन्सुलिन कुठल्या वेळेला घ्यायचं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा, मनाने ठरवू नका.

चार तासांपेक्षा जास्त बसून राहिलं की पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. दर दीड-दोन तासांनी उठून फेरी, बसल्या जागी टाचा वर-खाली. कडेची सीट घ्या, आईला खिडकी आवडत असली तरी. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून घ्या, त्यात कमीपणा काही नाही, ते लोक इमिग्रेशनपर्यंत सोबत करतात.

विमानात कान दुखतात, घसा कोरडा पडतो, ते का?

बाहेर हवा उणे पन्नास अंश आणि फार विरळ असते, म्हणून आत दाब देऊन हवा भरतात, पण जमिनीइतकी नाही. आतली हवा १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्यासारखी असते. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे त्याच्याही वर सोळा तास बसून राहिल्यासारखं. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी म्हणून डॉक्टरांना विचारायचंच. आणि हवा फार कोरडी, तेव्हा तहान नसली तरी पाणी मागत राहा. आमच्या आईला मागायचा संकोच वाटायचा, म्हणून रिकामी बाटली सोबत नेली आणि तपासणी झाल्यावर भरून घेतली.

भडंग, हळद, बेदाणे नेता येतात का?

बंद पाकिटातलं कोरडं खाणं सहसा अडत नाही, पण फॉर्मवर किंवा तोंडी "खाण्याचं आहे" असं सांगायचं, लपवलं तर दंड. ताजी फळं, मांस, बिया नकोत. हळद मात्र मोठ्या बॅगेतच घाला, अमेरिकेच्या विमानात हातातल्या पिशवीत ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर असली की अडवतात.

पूर्वी विमान कसं जायचं?

एअर इंडियाचं लंडनला पहिलं विमान ८ जून १९४८ ला कैरो, जिनिव्हा करत गेलं. न्यूयॉर्कला १९६० मध्ये बोईंग ७०७ जायला लागलं, तेही लंडनवरून. एअर इंडियाचं मुंबई-न्यूयॉर्क न थांबता पहिलं विमान २००७ ला.

पोचल्यावर झोपेचं काय?

शरीर साधारण दिवसाला एक तास या हिशोबाने सरकतं, म्हणजे आठ-दहा दिवस गेलेच. पहिले चार दिवस आई पहाटे तीनला उठून स्वयंपाकघरात बसायची, तिच्या पोटाला जेवणाची वेळ झालेली असायची. तिकडे पोचल्याच्या दिवशी दुपारी झोपू देऊ नका, उन्हात बाहेर फिरवा. परत सांगलीला आल्यावर जास्त दिवस लागतात, पूर्वेकडे येताना शरीराला अवघड जातं. आल्या आल्या लग्नकार्य ठेवू नका.

इकडून फोन कधी करायचा?

सांगलीत सकाळी ७ वाजता केला तर तिकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ असतात, उन्हाळ्यात. हिवाळ्यात साडेआठ. संध्याकाळी साडेसहाला केला तर तिकडे सकाळचे नऊ, आणि हिवाळ्यात आठ. दुपारी १२ ला मात्र नको, तिकडे रात्रीचे अडीच असतात आणि अवेळी फोन वाजला की तिकडच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. आमच्याकडे आईने भिंतीवर दोन घड्याळं लावलीत, दुसऱ्याखाली दादाचं नाव लिहिलंय, आणि मार्च-नोव्हेंबरच्या त्या रविवारी ती स्टूल घेऊन काटा फिरवून घेते माझ्याकडून.